मल्चर चालवणार कोण

नवऱ्याला मी मालक म्हणते. आमच्या भागात बऱ्याच बायका म्हणतात. त्या मान देऊन म्हणतात, मी चिडले की म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली की आता त्यात मान किती आणि चीड किती हे माझं मलाच सांगता येत नाही. म्हणून इथेही मालकच लिहिते.

दिंडोरीजवळ ओढ्याला लागून आमचा एक तुकडा आहे. तिथे आमची सगळ्यात जुनी द्राक्षबाग होती. वेली थकल्या, माल धरेना, म्हणून ती काढून टाकली. नवी कलमं लावायची ठरलं होतं, पण त्याच सुमारास मालकांचा उजवा हात थरथरायला लागला आणि लागवड राहून गेली. रान मोकळं पडलं की ते कुणाची वाट बघत बसत नाही. आधी गाजरगवत आलं, मग घाणेरी, मग बोरी, आणि त्यातून वेडी बाभूळ डोकं वर काढू लागली. बघता बघता असं गचपण माजलं की बांधावर उभं राहिलं तर पलीकडचा ओढा दिसेना.

ह्या तुकड्याच्या कडेलाच छाटणीच्या टोळीच्या झोपड्या पडतात. दरवर्षी सुरगाण्याकडच्या डोंगरातून बायामाणसं येतात, आपली भातनागलीची कामं उरकून, आणि छाटणीपासून माल निघेपर्यंत आमच्याकडे राहतात. टोळीची मुकादम एक बाईच आहे. वयाने माझ्याएवढी, बोलायला माझ्याहून फटकळ. त्या वर्षी पोळा झाल्यावर तिचा फोन आला.

“ताई, औंदा मी तुमच्याकडं नाय यायची.”

“का गं? काय झालं?”

“काय झालं म्हंजे? मागल्या साली झोपडीत घोणस निघाली व्हती, इसरल्या का? पोरीच्या अंथरुणाशी. ती झाडी तशीच हाय ना अजून? ती काढा, मंग बायका आणते. नायतर दुसरे बागाईतदार लय हायेत.”

मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, पण ती खरं बोलत होती. त्या सापाच्या सकाळी मी तिथे होते, आणि त्या पोरीच्या आईचा आवाज मी अजून विसरलेले नाही. शिवाय छाटणीला टोळी नाही म्हणजे वर्षभराचं पीक नाही. मी तिला शब्द दिला की झाडी काढते, तू ये आणि डोळ्यांनी बघून जा.

शब्द देणं सोपं असतं. झाडी काढायची कशी, ह्यावर गावात जो तो शहाणा. पेटवून द्या म्हणाले, तर पलीकडे शेजाऱ्याची नवी पालवी फुटलेली बाग, तिला धग लागली तर आयुष्यभराचं वैर. जेसीबी लावा म्हणाले, तर मालक ऐकायला तयार नाहीत. “जेसीबी झाडी काढीत नाय, माती नेतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते बरोबरही होतं. त्या मातीत आमचं किती वर्षांचं शेणखत गेलंय. उरला तो मल्चर. त्याचं खरं नाव फ्लेल मोवर, पण आमच्याकडे सगळे त्याला मल्चरच म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं एक लोखंडी खोकं, आत आडवा रूळ, आणि रुळाला पिनांवर लोंबणारी पाती. ट्रॅक्टरच्या शाफ्टवर रूळ गरगर फिरतो आणि खाली येईल त्याचा भुगा करून तिथेच पसरतो. झाडी जाते, माती जागच्या जागी राहते. पुढे छाटणीच्या काड्या ओळीतच कुटायलाही तोच चालतो.

गावात एकाकडे तो भाड्याने मिळतो. ट्रॅक्टर त्याचा, मल्चर त्याचा, ड्रायव्हर त्याचा. आपण फक्त चहा करायचा. मी तसं सुचवलं. मालकांनी ताट बाजूला सारलं.

“माझ्या रानात दुसऱ्याचा ड्रायव्हर, आणि मी बांधावर उभा?”

“एका दिवसाचं काम आहे.”

“घ्यायचा तर आपला घेऊ. मी चालवीन.”

खरी गोष्ट एवढीच होती. बाकी झाडी, साप, टोळी हे सगळं तिच्याभोवती. मालकांना अजून ट्रॅक्टर चालवायचा होता, आणि मला ते त्यांनी चालवायला नको होतं.

हे समजायला आधी त्यांचा हात समजायला हवा. मालक म्हणजे आमच्या शिवारातले नावाजलेले ट्रॅक्टरवाले. बागेच्या अरुंद ओळीतून फवारणीचा ब्लोअर असा काढायचे की पानाला धक्का नाही. भरलेली ट्रॉली उलटी लावायची असली की लोक त्यांना बोलवायला यायचे, आणि मालक जेवणावरून उठून जायचे. मी रागावले की म्हणायचे, “दोन मिनिटांचं काम आहे.” दोन मिनिटांच्या कामाला दोन मिनिटं लागायची आणि कौतुक ऐकायला तासभर. मग एका वर्षी मणी विरळताना त्यांची बोटं आखडली आणि हातातली कात्री घडाच्या दांड्यावरच बसली. पुन्हा बसली. नाशिकच्या डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि कंपवात आहे म्हणाले. गोळ्या दिल्या. मग म्हणाले, “ट्रॅक्टर वगैरे शक्यतो टाळा.”

बाहेर पडल्या पडल्या मालक मला म्हणाले, “शक्यतो म्हणाला. नको असं नाय म्हणाला.” मी अजून आजाराच्या नावापाशीच होते, आणि हा माणूस एका शब्दातून फट शोधत होता. मला हसू आलं आणि रडूही आलं, ते मी रिक्षावाल्यावर ओरडून घालवलं.

ह्या आजाराची एक गंमत आहे, गंमत म्हणायचं तर. हात रिकामा असला की थरथरतो. त्याला काम दिलं की थांबतो. लग्नाच्या मांडवात बसले की मालक हात मांडीखाली दाबून ठेवायचे. पारावर गप्पा मारताना खिशात घालायचे. घरी टीव्हीसमोर तर तो हात त्यांचा नसल्यासारखा आपला आपण चालू असायचा आणि आम्ही दोघंही टीव्हीकडेच बघत राहायचो. पण ट्रॅक्टरवर बसले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, की थरथर बंद. पूर्ण बंद. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं. “बघ. कुठंय तुझा कंपवात?” दिवसभरात तेवढी एकच जागा होती जिथे हा माणूस स्वतःचा हात विसरायचा.

मी मात्र हात बघत नव्हते, पाय बघत होते. उंबऱ्यापाशी आले की त्यांचा पाय अडायचा. जमिनीला चिकटल्यासारखा. मग ते तिथेच उभं राहून आभाळाकडे बघायचे, जणू पावसाचा अंदाज घेतायत. थोड्या वेळाने पाय सुटायचा आणि आत यायचे. लोकांना वाटायचं, बागाईतदार आहे, आभाळ बघणारच. मला वाटायचं, क्लच आणि ब्रेक हाताने दाबत नाहीत. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यावर घरात जो अबोला झाला तो मोडायलाही शेवटी मीच चहा घेऊन गेले.

तर मल्चर बघायला आम्ही नाशिकला गेलो. रस्त्याकडेला अवजारांचं मोठं दुकान, बाहेर रंगीत नांगर, रोटाव्हेटर ओळीने मांडलेले. दुकानदार तरुण, तोंडाने गोड, आणि मला न बघण्यात तरबेज. प्रश्न मालकांना विचारायचा, उत्तर मी द्यायचे, आणि पुढचा प्रश्न पुन्हा मालकांना. मालकांचा आवाजही आजाराने बारीक आणि सावकाश झालाय, ते तोंड उघडेपर्यंत माझं सांगून झालेलं असायचं. ट्रॅक्टर किती एचपीचा, ओळीतलं अंतर किती, जमीन दगडाची का काळी, सगळं मी सांगितलं. दुकानदार मालकांकडे बघून म्हणाला, “भाऊंचा अभ्यास चांगला आहे.”

मग त्याने पाती दाखवली. एक इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं, दोन पातळ पाती पाठीला पाठ लावून वाकवलेली. धार चांगली, वजन कमी. गवत, काड्या, कोवळा झाडोरा ह्यांना उत्तम, आणि लहान ट्रॅक्टरला झेपणारं. दुसरा हॅमर. तळहाताएवढा भरीव लोखंडाचा गोळाच म्हणा. तो कापत नाही, ठेचतो. मनगटाएवढी बाभूळही कुटून काढतो, पण ट्रॅक्टरला ताण देतो, आणि दगडावर बसला तर दगड लांब भिरकावतो.

“म्हणून मागं माणूस उभा करायचा नाही,” दुकानदार म्हणाला. “आणि शाफ्ट फिरतोय तोवर कुणी खाली उतरायचं नाही. काही अडकलं की आधी क्लच, मग शाफ्ट बंद, मग इंजिन बंद, मगच खाली. हा नियम पाळला की भीती नाही.”

आधी क्लच, असं तो म्हणाला तेव्हा मी मालकांच्या पायाकडे बघितलं. ते हॅमर हातात घेऊन तोलत होते. हातात वजन होतं, म्हणून हात शांत होता.

मी वाय पात्याच्या बाजूने होते. म्हटलं, झाडी एकदाच काढायची आहे, काड्या दरवर्षी कुटायच्या आहेत. जाड बाभळी आधी कोयत्याने तोडून घेऊ, बाकीचं वाय पातं करेल. हलकं आहे, ट्रॅक्टर दमणार नाही.

“बाभळीला वाय पातं म्हंजे दाढीच्या पात्यानं लाकूड फोडणं,” मालक म्हणाले.

“तुम्ही दाढी तरी वेळेवर करता का?”

दुकानदार हसला, पहिल्यांदा माझ्याकडे बघून. पण ऐकलं मालकांचंच. हॅमर घ्यायचे ठरले, फक्त मल्चरची रुंदी एक साइज कमी, म्हणजे आमच्या ट्रॅक्टरला ओढवेल. तेवढं माझं राहिलं.

मग दुकानदाराने काही वाईट मनात न आणता एक गोष्ट सांगितली. “एखादा हॅमर तुटला तर एकटा बदलू नका. त्याच्या समोरचाही बदला, जोडीनं. नाहीतर रुळाचा तोल जातो आणि सगळं मशीन थरथरायला लागतं. एकदा थरथर सुरू झाली की मग बेअरिंग गेलंच म्हणून समजा, त्याच्यावर इलाज नाही.”

मालकांनी हॅमर खाली ठेवला आणि हात खिशात घातला. पँटचं कापड आतून हलताना मला दिसत होतं. त्या पोराची काही चूक नव्हती, तरी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

“आणि चालवणार कोण?” तो पावतीपुस्तक उघडत म्हणाला. “ड्रायव्हर असेल तर पाठवा, शिकवून देतो.”

“मीच चालवणार,” मालक म्हणाले. इतक्या वेळात तेवढंच त्यांनी चटकन आणि मोठ्याने म्हटलं. माझ्या ओठावर शब्द आला होता. पण परक्या माणसासमोर नवऱ्याला उघडं पाडणारी मी नाही. मी गेटाबाहेर येऊन उसाचा रस पीत उभी राहिले, आणि मला तो रस कडू लागला.

मल्चर घरी आला, तरी लगेच चालवता येत नव्हता. त्याचं कारण द्राक्षवाल्यांनाच माहीत असतं. बागेतल्या ओळींवरच्या तारा ताठ राहाव्यात म्हणून ओळीच्या दोन्ही टोकांना जमिनीत खोल मोठा दगड पुरतात आणि जाड तारेने ओळ त्याला बांधतात. त्याला आम्ही ताण म्हणतो. बाग काढताना लोखंडी अँगलचे खांब उपटतात, तारा गुंडाळतात, पण पुरलेला दगड काढायला कुणी खणत बसत नाही. जमिनीलगत तार कापायची आणि पुढे जायचं. सगळा तालुका असंच करतो. नंतर नांगरट झाली की ती टोकं दबून जातात. आमच्याकडे नांगरटच झाली नव्हती. म्हणजे झाडीच्या बुडाशी ओळीच्या टोकाटोकाला तारेचे खुंट उभे असणार होते.

“मला पाठ आहेत,” मालक म्हणाले. आणि खरंच होते. माझ्या जुन्या पांढऱ्या परकराच्या चिंध्या काड्यांना बांधून ते झाडीच्या कडेने फिरले आणि ज्या ज्या जागी काडी रोवली तिथे खाली तार निघाली. एकही चुकली नाही. मी विळ्याने गवत बाजूला करायचे, ते बोट दाखवायचे. कष्टाने चालत होते, पण चेहरा उजळला होता. त्या दोन्ही कडा आम्ही मिळून साफ केल्या, खुंट कापून काढले. मला वाटलं, डोकं शाबूत आहे, हात काम करताना शांत आहे, मी उगाच घाबरते. मी माझ्या मनाला असंही समजावलं की पाय उंबऱ्यावर अडतो, ट्रॅक्टरवर उंबरा कुठे आहे.

मुकादमबाई कबूल केल्याप्रमाणे बघायला आली त्याच दिवशी मुहूर्त ठरवला. मी मल्चरला हळदकुंकू लावलं, मालकांनी नारळ फोडला. नव्या अवजाराचा पहिला फेरा मालकाने मारायचा, गड्याने नाही, ही आमच्या घरातली रीत. सासऱ्यांनी ती बैलांच्या पेरणीच्या पाभरीपासून पाळली, मालकांनी ट्रॅक्टरच्या प्रत्येक अवजाराला पाळली. म्हणून त्या दिवशी तर प्रश्नच नव्हता. त्यांनी हँडल धरलं, डावा पाय पायरीवर ठेवला आणि थांबले. मी आणि मुकादमबाईने नारळाचे तुकडे करण्यात गुंतल्यासारखं दाखवलं. मग ते चढले.

आणि पहिला फेरा इतका देखणा झाला की काय सांगू. ट्रॅक्टर मंद, सरळ, एका सुरात. मागे घाणेरी, बोरी सगळं आडवं होऊन भुगा होत होतं आणि त्याचा उग्र हिरवा वास सुटला होता. बाभळीची झुडपं पुढून वाकायची आणि मागून चुरा होऊन निघायची. मी मागे न राहता बाजूने, त्यांना दिसेन अशी चालत होते. “लय भारी चालतंय की,” मुकादमबाई ओरडली. मालकांनी तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी पूर्वीसारखी, कौतुक नको असल्यासारखी. स्टिअरिंगवर दोन्ही हात दगडासारखे स्थिर. मी त्या वेळी खूप सुखात होते. हॅमर घेतले ते बरं केलं, असंही मनात आलं.

दुसरा फेरा तुकड्याच्या मधून होता. तिथे आम्ही काड्या रोवल्या नव्हत्या, कारण ताण टोकाला असतात, मध्ये नसतात. पण एका वर्षी वादळाने ती बाग अर्धी झोपली होती. ती उभी करताना मालकांनीच ओळींच्या मध्यावर जास्तीचे ताण दिले होते, लांब तारांचे. कडेचे सगळे ताण पाठ असलेल्या माणसाला हे मधले आठवले नाहीत. मलाही नाही. बाग काढताना त्यातली एक लांब तार तशीच पाल्याखाली पडून राहिली होती.

आधी मल्चरचा आवाज बदलला. मग किंचाळल्यासारखा झाला. बघते तर पाल्यातून एक तार उठत होती. तिचं एक टोक रुळाने गुंडाळून घेतलं होतं आणि दुसरं टोक पुरलेल्या दगडाला. ट्रॅक्टर पुढे जातोय, रूळ तार ओढतोय, दगड सोडत नाही. तार जमिनीपासून गुडघ्याएवढी वर आली, ताठ झाली आणि झणझणू लागली. मल्चरचे रबरी पट्टे जळल्याचा वास आला, धूर निघाला. ती तार कुठल्याही क्षणी तुटणार होती आणि तुटली तर ज्या दिशेला जाईल त्या दिशेचं काही उरणार नव्हतं.

“क्लच! क्लच दाबा!” मी ओरडले.

मालक माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर सगळं कळल्याचं दिसत होतं. हात स्टिअरिंगवर तसेच, जराही हलत नव्हते. पण पाय क्लचशेजारच्या लोखंडी पाटीवर होता तिथेच होता. तो उचलून क्लचवर जाईना. ट्रॅक्टर तसाच चालत राहिला.

मागून जायचं नाही हे डोक्यात होतं, म्हणून मी पुढून धावले. चप्पल तिथेच राहिली. चालत्या ट्रॅक्टरच्या पायरीवर कशी चढले मला माहीत नाही, मी तशी अंगाने हलकी बाई नाही. मालकांच्या गुडघ्यांवरून वाकून इंजिन बंद करायचा दांडा धरला आणि जिवाच्या आकांताने ओढला.

इंजिन बंद पडलं. रूळ गचके देत थांबला. तार ढिली होऊन खाली पडली.

पलीकडच्या बागेतला फवारणीचा आवाज ऐकू येऊ लागला. मी अजून त्यांच्या मांडीवर अर्धी पडलेलीच होते, तोंडात बाभळीचा भुगा. मला वाटलं, आता मी ह्यांच्यावर असं ओरडणार आहे की दिंडोरीपर्यंत ऐकू जाईल.

“पाय उठला नाय,” मालक म्हणाले. मुकादमबाई ऐकू येईल इतक्या जवळ होती. ज्या माणसाने गावापासून हात लपवायला मांडीखाली दाबून ठेवला, तो माणूस तिच्यासमोर म्हणाला, “मी दाबत होतो गं. उठलाच नाय.”

माझं ओरडणं तिथेच विरलं. मी खाली उतरून त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि पाटीवरून उचलला. जड नव्हता. दुसऱ्या बाजूने मुकादमबाईने त्यांना खांद्याचा आधार दिला. जमिनीवर उभे राहिले आणि हात थरथरायला लागला, खांद्यापासून. इतका की बाईने दिलेलं पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं.

“ऱ्हाऊ द्या दादा,” ती म्हणाली आणि तांब्या स्वतः त्यांच्या तोंडाला लावला. ते तिच्या हातानेच पाणी प्यायले.

तार कापून काढली. एक हॅमर तुटला होता, म्हणून त्याच्या समोरचाही बदलला. पट्टे नवे घातले. मधल्या ताणांची जागा मालकांनी बसल्या बसल्या सांगितली, आता त्यांना एकेक आठवत होता. उरलेली झाडी मी काढली. मला ट्रॅक्टर सरळ चालवता येतो, वळवताना मात्र बांधाला सांभाळून राहावं लागतं, म्हणजे बांधाने. तो तुकडा मी असा काढला की मधे मधे बोरीची शेंडी राहिली. मालक सावलीत बसून हाताने खुणा करायचे, डावीकडे, सावकाश, गिअर बदल. त्यांच्या खुणांमध्ये खूण कोणती आणि थरथर कोणती हे मला हळूहळू कळायला लागलं. एकदाही ते म्हणाले नाहीत की दे, मी चालवतो.

मुकादमबाईने शब्द पाळला. झोपड्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या, छाटणी सुरू झाली. ओळीओळीत काड्यांचे ढीग पडले आणि मी मल्चर घेऊन मागून फिरू लागले. पोरं मला बघून हसायची, बायका हात करायच्या. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आणि अभिमान वाटला की लगेच सावलीतल्या माणसाकडे लक्ष जायचं आणि लाज वाटायची.

एका सकाळी मी शाफ्टला ग्रीस भरत होते. मालक बागेतून चालत आले आणि ट्रॅक्टरच्या चाकाशी उभे राहिले. मग म्हणाले, “एक फेरा मारू का? ही ओळ सरळ हाय. मल्चर उचललेलाच ठेव. तू पायरीवर उभी राहा.”

जमीन घ्यायची, बाग तोडायची, आमच्या पोरीचं स्थळ नक्की करायचं, ह्या माणसाने आजवर मला सांगितलं होतं. विचारलं कधी नव्हतं. आज विचारत होता, आणि उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून. मला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, माझ्या जिभेवर होच होतं. मग मला पाटीवरचा तो पाय दिसला आणि पलीकडे ओळीत वाकून काड्या गोळा करणाऱ्या बायका दिसल्या.

“नको,” मी म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले. रागावले नाहीत. वळले आणि निघाले. ओळीच्या तोंडाशी ठिबकची नळी आडवी पडली होती, बोटाएवढी जाड. तिच्यापाशी त्यांचा पाय अडला. पूर्वी अशा वेळी ते आभाळाकडे बघायचे. आज त्यांनी बघितलंही नाही. खाली नळीकडे बघत उभे राहिले.

मी ग्रीसचे हात पदराला पुसून गेले आणि त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला, घट्ट. स्टिअरिंग धरल्यावर थांबणारा हात. तो माझ्या हातात थांबला नाही.